बीजगणिताच्या जोडीला संगणक: वाचकांचे प्रश्न

नववी-दहावीच्या गणित भाग १ साठी अ‍ॅप, संगणक कक्ष आणि ऑनलाइन सराव कसा वापरावा, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पुस्तकातल्या एक्स आणि वायच्या जागी क्ष आणि य लिहिले आहेत.

मुलगा नववीत, सेमी-इंग्रजीला आहे. अ‍ॅपवर ‘बहुपदी’ पूर्ण झाली, सगळ्या व्हिडिओंवर हिरवी खूण आहे. घटक चाचणीत मात्र २० पैकी ७ गुण. अ‍ॅप कुचकामी आहे की मुलगा आम्हाला फसवतोय? (पालक, नाशिक)

बहुधा दोन्ही नाही. हिरवी खूण एवढंच सांगते की व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. बघताना सगळं समजतं, कारण पुढची पायरी दुसरंच कुणीतरी लिहीत असतं. त्यामुळे व्हिडिओंचा रकाना बाजूला ठेवा आणि सरावाच्या नोंदीत तीन गोष्टी शोधा: पहिल्या प्रयत्नात किती बरोबर आली, किती ठिकाणी ‘हिंट’ घेतली आणि एका प्रश्नाला किती वेळ लागला. चार पायऱ्यांचं उदाहरण सात सेकंदांत सुटलं असेल तर ते सोडवलेलं नाही, पर्याय दाबून पाहिलेले आहेत. सगळ्या हिंट भराभर उघडत शेवटच्या हिंटमधलं उत्तर टाइप करायचं, ही युक्ती तर मुलं दोन दिवसांत शिकतात.

आता मूळ दुखण्याकडे. बहुपदीत अडलेल्या मुलाचं दुखणं पुष्कळदा बहुपदीत नसतं, ते सातवी-आठवीत असतं. एका कागदावर त्याला ही पाच उदाहरणं द्या, अ‍ॅपशिवाय आणि कॅल्क्युलेटरशिवाय:

−७ − (−४)
−३(क्ष − ४)
३क्ष = १२
क्षचे दोन तृतीयांश = ८
(क्ष + ५)²

दुसऱ्यात −३क्ष − १२ आलं, तर कंसाबाहेरचं ऋण चिन्ह फक्त पहिल्या पदाला लागतंय. तिसऱ्यात ९ आलं, तर ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा मंत्र पाठ झालाय, पण दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं असतं हे पोचलेलं नाही. हा मंत्र आपणच वर्गात देतो आणि तो फार महाग पडतो. चौथ्याचं उत्तर १२. इथे अडलेल्या मुलाला आधी अपूर्णांक हवेत. पाचव्यात क्ष² + २५ लिहिणारी मुलं दहावीपर्यंत भेटतात. त्यांना सूत्र पुन्हा पाठ करायला लावू नका, क्षच्या जागी १ ठेवायला सांगा: एकीकडे ३६, दुसरीकडे २६.

जिथे चूक सापडेल त्या इयत्तेचा सराव अ‍ॅपमध्ये लावा, मग ती सहावी का असेना. वरच्या पट्टीवर ‘इयत्ता ६’ दिसलं की मुलं खट्टू होतात. म्हणून इयत्तेचं नाव न घेता ‘कंस’, ‘अपूर्णांक’ असा विषयच सांगावा. आठवड्यातून तीन-चार वेळा २५ मिनिटं पुरतात.

वेळेपेक्षा वही महत्त्वाची. प्रत्येक उदाहरण आधी वहीत, सगळ्या पायऱ्यांसह सोडवायचं, मगच स्क्रीनवर उत्तर भरायचं. समासात चूक कोणत्या प्रकारची ते एका शब्दात लिहायचं: चिन्ह, कंस, अपूर्णांक, वाचन. दोन आठवड्यांनी समास वाचला की कशाचा सराव हवा ते मुलाला स्वतःलाच दिसतं. आणखी एक बघा. सेमीच्या मुलाला अ‍ॅपमध्ये मराठी निवडून दिली, तर सहगुणक, घातांक, चल हे शब्द त्याला परके वाटू शकतात. पुस्तक ज्या भाषेत, सरावही त्याच भाषेत ठेवा.

आमच्या शाळेत १२ संगणक चालू आहेत, नववीत ४८ मुलं आणि गणिताला मी एकटीच. तासिका ३५ मिनिटांची. हे कसं बसवायचं? (शिक्षिका, बीड जिल्हा)

३५ मिनिटांत बसणार नाही. कक्षात पोचणं, लॉगिन आणि बंद पडलेला माऊस यांतच दहा मिनिटं जातात. आठवड्यातून एक जोडतासिका मिळवा आणि शक्यतो ती गणिताच्या नेहमीच्या तासांतून काढू नका. शनिवारी शाळा सुटल्यावरचा किंवा सकाळचा जादा तास बरा. याचं कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

वर्गाचे दोन गट करा. २४ मुलं जोडीने संगणकावर, उरलेली २४ त्याच खोलीत किंवा शेजारच्या वर्गात वहीवर. ७० मिनिटांची वाटणी अशी: सुरुवातीची ५ मिनिटं सूचना, मग ३० मिनिटांची एक फेरी, ५ मिनिटं अदलाबदल आणि शेवटची ३०. वहीच्या गटाला नवीन काही देऊ नका. मागच्या आठवड्यात संगणकावर जिथे सर्वांत जास्त चुका झाल्या, त्याच प्रकारची सहा उदाहरणं फळ्यावर लिहून ठेवा.

जोडीत एकाने वहीत मांडणी करायची, दुसऱ्याने टाइप करायचं आणि दर पाच प्रश्नांनी जागा बदलायच्या. हे सक्तीने पाळलं नाही तर हुशार मूल माऊस बळकावतं आणि दुसरं खिडकीबाहेर बघतं. जोड्या लावताना पहिला आणि शेवटचा एकत्र बसवू नका, फार अंतर असलं की एक जण नुसता सांगत राहतो. खाती मात्र प्रत्येकाची वेगळी असू द्या. एका खात्यावर दोघं बसले तर अहवालावरून कुणाचं काय चुकतंय ते कळत नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या वेळात एकाचं खातं, नंतर दुसऱ्याचं. वापरकर्त्याचं नाव हजेरी क्रमांकावरून ठेवलं (नववीब२३ असं काहीतरी) तर विसरलेल्या पासवर्डांचा निम्मा त्रास वाचतो. पासवर्डांची यादी एका वहीत तुमच्याकडे हवीच.

तास संपल्यावर अहवाल उघडून एकच प्रश्न विचारा: कोणतं उदाहरण निम्म्याहून जास्त मुलांचं चुकलं? सोमवारी वर्गात पहिली दहा मिनिटं तेवढंच फळ्यावर घ्यायचं. अहवालात पन्नास आलेख असतात आणि ते सगळे बघायला गेलात तर महिनाभरात कंटाळून सोडून द्याल.

संस्थेसमोर महागडी ‘डिजिटल गणित’ योजना आली आहे. अशाने खरंच फरक पडतो का, की नुसती जाहिरात? (संस्था सदस्य, कोल्हापूर)

पडतो, पण कसं वापरलं यावर. तीन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

गुजरातमध्ये ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांत अर्थतज्ज्ञ ली लिंडेन यांनी संगणकावरचा गणिताचा एकच कार्यक्रम दोन प्रकारे तपासला. जिथे तो शाळेच्या वेळेत, शिकवण्याच्या जागी आला तिथे मुलं चक्क मागे पडली. जिथे तो शाळेबाहेरच्या वेळेत जोड म्हणून आला तिथे ती पुढे गेली. मुलं प्राथमिकची होती, तरी ‘गणिताच्या तासातून वेळ काढू नका’ असं वर म्हटलं ते यामुळेच.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकावरच्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक सहावी ते नववीतली मुलं सुमारे साडेचार महिने शाळेनंतर केंद्रावर जात. रोजच्या ९० मिनिटांपैकी ४५ मिनिटं संगणक आणि ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाकडून शिकवणं. गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांच्या गुणांत एरवी किती फरक असतो त्याचं माप) वाढ दिसली, शिक्षणाच्या क्षेत्रात हा आकडा मोठा आहे. तो कार्यक्रम मुलाच्या इयत्तेपासून नव्हे, त्याच्या खऱ्या पातळीपासून सुरू होत असे. माणसाने शिकवण्याच्या त्या ४५ मिनिटांना मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकात जागा नसते.

तिसरा थेट बीजगणिताचा. अमेरिकेत ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर अल्जिब्रा वन’ हा संगणकावरचा कार्यक्रम सात राज्यांतल्या १४७ शाळांत तपासला गेला आणि निष्कर्ष २०१४ मध्ये आले. हायस्कूलांत पहिल्या वर्षी लक्षात येण्याजोगा फायदा नाही, दुसऱ्या वर्षी सुमारे ०.२० प्रमाण विचलन. शिक्षकांचा हात बसायला वर्ष लागतं असाच त्याचा सरळ अर्थ आम्ही लावतो. तेव्हा एका वर्षाच्या निकालावर योजना बंद करू नका आणि एका वर्षाच्या करारावर घेऊही नका, असं सांगावं लागतं.

विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारा. मूल चुकलं तर कार्यक्रम मागच्या इयत्तेच्या संकल्पनेकडे नेतो की तेच उदाहरण पुन्हा देतो? प्रश्नागणिक अहवाल शिक्षकाला मिळतो का? इंटरनेट गेलं तर काय? करार संपल्यावर मुलांच्या नोंदी कुणाकडे राहतात? मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी बघायची चित्रफीत हीच मुख्य वस्तू असेल, तर सरावाचा प्रश्नच येत नाही. पैसे वाचवा.

अ‍ॅपमध्ये माझं उत्तर बरोबर असूनही चूक दाखवतं. असं का? (विद्यार्थिनी, नववी, चिपळूण)

बहुतेक वेळा टाइप करण्याच्या पद्धतीमुळे. क्रमाने तपास. कीबोर्ड मराठीवर असेल तर देवनागरी अंक जातात आणि पुष्कळ अ‍ॅपना ते कळत नाहीत. अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाक. चौकटीबाहेर आधीच ‘क्ष =’ छापलेलं असेल तर आत फक्त संख्या लिहायची. एक तृतीयांशाऐवजी ०.३३ लिहिलं तर ते चूकच आहे. १/२क्ष असं सलग लिहिलंस तर यंत्र त्याचा अर्थ ‘अर्धा क्ष’ असा घेऊ शकतं, म्हणून छेदाला कंस दे: १/(२क्ष). एकसामयिक समीकरणांची उकल जोडीत मागितली असेल तर आधी क्ष, मग य, कंसात आणि स्वल्पविराम देऊन.

हे सगळं ठीक असेल तर मग गणित तपास. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून फक्त ५ लिहिलंस का? ० हे दुसरं मूळ त्यात हरवतं.

गावात नेटवर्क नाही. काहीच करता येणार नाही का? (मुख्याध्यापक, नंदुरबार जिल्हा)

‘कोलिब्री’ पाहा. लर्निंग इक्वॉलिटी या ना-नफा संस्थेचं हे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं. ते एका लॅपटॉपवर किंवा ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या, स्वस्त संगणकावर बसवायचं, जवळच्या शहरात चांगल्या नेटवर हवा तेवढा मजकूर उतरवून घ्यायचा आणि शाळेत साध्या वायफाय राउटरवरून मुलांच्या फोन-टॅबना द्यायचा. मुलं ब्राउझरमध्ये त्या यंत्राचा पत्ता उघडतात. शिक्षकाला वर्ग, गट, धडे, चाचण्या आणि प्रत्येकाची प्रगती दिसते.

अडचणी ठरलेल्या असतात. अख्खं चॅनेल (एका स्रोताचा सगळा मजकूर) उतरवू नका, व्हिडिओंनी जागा भरून जाते. बीजगणिताचे विषय निवडा आणि सराव आधी घ्या, तो फार हलका असतो. राउटरला इंटरनेट नाही हे कळलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि ‘साइट उघडत नाही’ अशी ओरड होते, म्हणून मोबाइल डेटा बंद करायला लावा. घरगुती राउटरवर वीस-पंचवीस मुलांनी एकदम व्हिडिओ लावला तर सगळंच अडकतं. वीज अचानक गेली तर पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, लहान यूपीएस जोडा किंवा सरळ लॅपटॉप वापरा. लॅपटॉपचा दुसरा फायदा म्हणजे त्याचं घड्याळ. पाय ४ पर्यंतच्या यंत्रांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं, त्यामुळे इंटरनेटशिवाय तारीख चुकते आणि अहवालात मुलांचा सराव भलत्याच दिवशी दिसतो.

फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी अ‍ॅप आणि चॅटबॉट यांना बंदी घालावी का? (शिक्षक, पुणे)

घरी बंदी पाळली जात नाही. पण आकडा मुलांना जरूर सांगा. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पुढे तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं १७ टक्के मागे होती. थेट उत्तर न देता फक्त इशारे देणाऱ्या चॅटबॉटच्या बाबतीत हा तोटा जवळजवळ दिसला नाही.

गृहपाठात उत्तर छापूनच द्या आणि मांडणी मागा. किंवा मुद्दाम चूक घातलेली मांडणी देऊन ‘कोणती पायरी चुकली आणि का’ हे विचारा. सूत्राने वर्गसमीकरण सोडवताना २अ ने फक्त करणीला भागलेली मांडणी दिलीत, तर अर्ध्या वर्गाला ती चूक दिसत नाही.

वर्गसमीकरणाचा आलेख जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर दाखवायचा आहे, पण समीकरणातले अ, ब, क बदलत नाहीत. (शिक्षिका, सांगली)

तीन अक्षरांसाठी आधी तीन स्लायडर (किंमत बदलणाऱ्या सरकपट्ट्या) करा, −५ ते ५. मग समीकरण लिहिताना अक्षरांमध्ये गुणाकाराचा तारा द्या, नाहीतर जोडून लिहिलेली दोन अक्षरं एकच नाव समजली जाऊ शकतात. विवेचकाची (ब² − ४अक) किंमत पडद्यावर वेगळी दाखवा आणि फक्त क सरकवा: आलेख क्ष-अक्षाला दोन ठिकाणी छेदतो, एका ठिकाणी टेकतो, मग सुटतो. विवेचक त्याच क्षणी धन, शून्य, ऋण होताना दिसतो. दहा मिनिटं पुरेत.

दहावीला हा सराव कधी थांबवावा? (पालक, डोंबिवली)

डिसेंबरअखेर नवीन काही सुरू करू नका. भाग १ ची लेखी परीक्षा ४० गुणांची, दोन तासांची आणि कागदावरची आहे. आलेखाचं प्रमाण लिहिणं, निश्चयकांची मांडणी, शाब्दिक उदाहरणात ‘क्ष मानू’ हे वाक्य, यांतलं काहीच अ‍ॅप तपासत नाही. जानेवारीपासून आठवड्याला दोन प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. अ‍ॅप फक्त त्यात चुकलेल्या प्रकारासाठी, एका वेळी १५ मिनिटं.