जाड वायरींनी ताकद वाढत नाही

प्रश्न : माझ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचं (वायरींतून एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या भागाचं) शेवी म्हणजे शेवरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन आहे, हेडर (एक्झॉस्टचे खास नळ) बसवलेत. पूर्ण थ्रॉटल दिला की मिसफायर होतं (एखादा सिलिंडर पेटतच नाही), दमट हवेत जास्तच. मल्टिमीटरवर प्लगच्या आठही वायरी चांगल्या दाखवतात. १० मिमीच्या घेऊ का?

उत्तर : जाडीच्या मागे लागू नका. ७, ८.५ किंवा १० मिमी हा आकडा बाहेरच्या आवरणाचा; आतला गाभा कसला आहे ते त्यावरून कळत नाही. मल्टिमीटरही गाभ्याचा रोध सांगतो, इन्सुलेशनमधली गळती नाही. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि करंट सोपी वाट धरून चिरलेल्या बुटातून (वायरीच्या टोकाच्या रबरी टोपणातून) हेडरवर उडी मारतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. हात मात्र लांब ठेवा.

नवा सेट स्पायरल (बारीक तार गुंडाळलेल्या) गाभ्याचा आणि सिलिकॉन आवरणाचा घ्या. नुसत्या तांब्याच्या गाभ्याच्या वायरी रोध कमी म्हणून खपतात, पण त्यांच्या रेडिओ लहरींनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि सेन्सर गोंधळतात. बुटाचा कोन प्लगपाशी हेडर किती जागा सोडतो ते बघून ठरवा.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर एका वेळी एकच वायर बदला. सगळ्या एकदम काढल्या की क्रम चुकलाच समजा. बूट धरून अर्धा फेरा फिरवा, मग ओढा. वायर धरून ओढली तर गाभा टर्मिनलमधून निसटतो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळी उभी रेघ असेल तर प्लगही बदला, नाहीतर नव्या बुटातही ठिणगी त्याच रेघेवरून पळेल. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ते विजेला अडवतं, म्हणून टर्मिनलवर थापू नका. दोन्ही टोकांना ‘टक्’ असं जाणवलं पाहिजे.

वायरी कशा नेता यावर खरी मदार. तुमचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. त्यात ५ आणि ७ शेजारी-शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर समांतर नेल्या तर ५ च्या झटक्याने ७ मध्ये वेळेआधीच ठिणगी पडू शकते, आणि ते पिस्टनच्या जिवावर येतं. या दोघींमध्ये सेपरेटर (वायरी वेगळ्या धरून ठेवणारी क्लिप) हवाच. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. हेडरपासून किमान २५ मिमी अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर बुटावर ग्लास फायबरचा स्लीव्ह चढवा.

प्रश्न : माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर थेट कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आहे. परफॉर्मन्स वायरी बसतील का?

उत्तर : बसवायला तिथे वायरीच नाहीत! मिसफायर असेल तर कॉइलखालचं रबरी बूट आणि आतली स्प्रिंग तपासा. प्लगच्या खळग्यात तेल साचलेलं दिसलं तर आधी व्हॉल्व्ह कव्हरची सील बदला.