थंडी सरली की झाडांचं फावतं का?

प्रश्न: उंच डोंगरावर किंवा पार उत्तरेकडे थंडीमुळे झाडं खुरटी राहतात असं वाचलंय. मग आता हवा तापतेय तर त्यांचं भलंच होणार ना?

उत्तर: अर्धं बरोबर आहे तुमचं. साधारण ५ अंशांच्या खाली पानं थोडंफार अन्न बनवतात, पण लाकडाच्या नव्या पेशी तयार होणं जवळपास थांबतं. म्हणजे सिमेंट-विटा येऊन पडल्यात पण गवंडीच कामावर नाही, असला प्रकार. त्यामुळे गारठा कमी झाला की वाढ सुटते, हे खरंच दिसलंय. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइन आहेत, त्यातली काही तर ४,८०० वर्षांच्या वरची! पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी काडी काढतात, पॉलिश करून भिंगाखाली धरतात आणि वर्षाला एक पडणारी वलयं मोजतात (वलय रुंद म्हणजे त्या वर्षी वाढ जास्त), बरीचशी मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, डोळे फुटायचं काम. तर जंगलाच्या अगदी वरच्या काठावरच्या झाडांची १९५० नंतरची वलयं आधीच्या ३,७०० वर्षांत कुठल्याच ५० वर्षांत नव्हती एवढी रुंद निघाली.

पण गंमत पुढे आहे. त्याच डोंगरावर दीडेकशे मीटर खाली उतरा, झाड तेच, पण हा फायदा गायब. कारण तिथे अडचण थंडीची नाहीच, पाण्याची आहे, आणि दुष्काळी वर्षात तर काडीत त्या वर्षाचं वलयच सापडत नाही कधीकधी. हिमालयातल्या भूर्जाचं (हो, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे तोच) असंच, मान्सूनच्या आधीचे मार्च ते मे कोरडे आणि गरम गेले की वाढ खुंटते, मग भले तो ४,००० मीटरच्या आसपास उभा असेना.

मला स्वतःला सगळ्यात चकित करणारं उदाहरण म्हणजे अलास्काचा यलो सीडर. तिथे लाखो एकरांवरची ही झाडं मरतायत आणि कशाने, तर थंडीने! मुळं उथळ असतात, त्यांच्यावर बर्फाची गोधडी असायची, आता हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊसच जास्त पडतो, गोधडी नाही, आणि मग वसंताच्या तोंडावर एखादी कडाक्याची लाट आली की मुळं गोठून जातात.

जंगल वर सरकतंय का, हे पुढचं तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकतो. २००९ मध्ये जगभरातल्या १६६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तर १९०० नंतर झाडांची शेवटची रेषा पुढे सरकली होती ती ५२ टक्के ठिकाणीच, मागे आली फक्त १ टक्का ठिकाणी, बाकी सगळीकडे आहे तिथेच.