माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत गणितात पैकीच्या पैकी, पण ऑलिंपियाडचं एकही गणित सुटत नाही आणि रडते. तिला गणित येत नाही असं समजायचं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की ती सेमीला आहे, स्कॉलरशिपलाही चांगले गुण होते, आणि ऑलिंपियाडची जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसली तर तासाभरात कोरा कागद टाकून उठली. त्या तासात तिने नेमकं काय केलं हे तिला एकदा विचारा. माझा अंदाज सांगते: पहिलं गणित वाचलं, 'हे आम्हाला शिकवलेलं नाही' म्हणून दुसऱ्याकडे गेली, तिथून तिसऱ्याकडे. तीसच्या तीस वाचून झाली आणि एकावरही पेन्सिल टेकली नाही.

यात तिचा दोष नाही. स्कॉलरशिपने तिला तेच शिकवलंय. तिथे एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं, अडलं की सोडून पुढे जायचं असतं. ऑलिंपियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम, ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा. तिथे ३० प्रश्नांना ३ तास असतात, म्हणजे सरासरी ६ मिनिटं. आणि अगदी वरच्या टोकाला, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये, एका दिवशी साडेचार तासांत फक्त ३ प्रश्न! जगातली निवडक मुलं एकेका गणिताजवळ दीड दीड तास बसतात, आणि तरी कित्येकांचं सुटत नाही.

मी शिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते. दर रविवारी सकाळी सोसायटीतली आठवी-नववीची पाच-सहा मुलं आमच्याकडे येतात. क्लास नाही, फी नाही, मध्ये पोहे असतात. त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं आहे, शास्त्राचं नाही.

'शिकवलेलं नाही' हे किती फसवं असतं ते एका गणितावरून दाखवते. पहिलं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात झालं, सात देश होते. त्यातला पहिलाच प्रश्न असा: क्ष ही कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या. (२१क्ष + ४) हा अंश आणि (१४क्ष + ३) हा छेद. हा अपूर्णांक कधीच आणखी संक्षिप्त करता येत नाही, हे सिद्ध करा. ऐकायला भयंकर. पण अंश-छेदाला काट मारता येत नाही म्हणजे त्यांचा मसावि १. आणि भागाकार पद्धतीने मसावि काढणं तुमच्या लेकीला पाठ आहे. तीच पद्धत इथे चालवायची. मोठ्यातून लहान वजा केलं की उरतात ७क्ष + १. आता १४क्ष + ३ ला ७क्ष + १ ने भागलं की भागाकार २, बाकी १. बाकी १ आली, म्हणजे मसावि १. संपलं. आमच्याकडच्या एका मुलाने हे पाहून चिडून विचारलं होतं, "एवढंच? मग मला का नाही सुचलं?" कारण शाळेत मसावि नेहमी आकड्यांचा काढायचा असतो. अक्षर घातलेल्या राशींनाही ती पद्धत लावून बघायची परवानगी आपल्याला कोणी दिलेलीच नसते.

मग सुचायचं कसं? माझ्याकडे एकच उपाय आहे: गणित लहान करायचं. त्यासाठी पुढचा खेळ तिच्याबरोबर तुम्ही स्वतः खेळा. कागदाच्या दहा चिठ्ठ्यांवर १ ते १० लिहा. कोणत्याही दोन चिठ्ठ्या उचलायच्या, मोठीतून लहान वजा करून उत्तराची नवी चिठ्ठी ठेवायची, जुन्या दोन बाजूला. असं करत शेवटी एकच चिठ्ठी उरते. तिच्यावर शून्य आणता येईल का?

मुलं आधी दहाच चिठ्ठ्यांवर तुटून पडतात. अर्धा तास जातो, शून्य काही येत नाही, आणि 'काकू, तुम्ही मुद्दाम चुकीचं दिलंय' सुरू होतं. तेव्हा मी आठ चिठ्ठ्या उचलून घेते. १ आणि २ असतील तर? १ उरतो, शून्य नाही. १, २, ३? तीनातून दोन गेले एक, एकातून एक गेला शून्य. आलं! चार चिठ्ठ्यांना येतं. पाचला येत नाही, सहाला नाही, सातला येतं, आठला येतं. दोनदा नाही, दोनदा हो. ही ओळ मुलांनी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण आता 'कळत नाही' ऐवजी 'असं का?' हा प्रश्न आलेला असतो. यातली पहिली शांतता मोडू नका. माझ्याकडे ती एकदा वीस मिनिटं टिकली, पोहे गार झाले. मग एक मुलगी म्हणाली, "सगळ्यांची बेरीज करून बघू का?"

बेरीज हीच किल्ली. दोन चिठ्ठ्या काढून वजाबाकी ठेवली की एकूण बेरीज लहान संख्येच्या दुपटीने घटते, म्हणजे समच घटते. त्यामुळे बेरीज विषम असेल तर ती शेवटपर्यंत विषमच राहणार. १ ते १० ची बेरीज ५५, विषम. शून्य सम. म्हणून कितीही डोकं आपटलं तरी शून्य येणार नाही. या गणितात वजाबाकी आणि सम-विषम यापलीकडे काही नाही, म्हणजे सगळं चौथीचं.

आता व्यवहाराचं. शाळेत फॉर्म वाटून जी 'ऑलिंपियाड' घेतली जातात, पर्यायी उत्तरं आणि पदकवाली, त्यांचा या स्पर्धेशी संबंध नाही. द्यायला हरकत नाही, पण गल्लत करू नका. खरी वाट अशी: आयओक्यूएम, मग आरएमओ (प्रादेशिक फेरी), मग आयएनएमओ (राष्ट्रीय फेरी), मग निवड शिबिर आणि शेवटी देशाचा सहा जणांचा संघ. आरएमओपासून पुढचं सगळं मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत चालतं आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवीपासून बसता येतं, पण बारावीपर्यंतची मुलं त्याच पेपरला असतात, हे तिला आधीच सांगा. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स ऑलिंपियाडही आहे, त्याला भारताचा चार मुलींचा संघ जातो. हे तिला कळू द्या, पण आत्ताच ध्येय वगैरे म्हणून भिंतीवर चिकटवू नका.

पूर्ण प्रश्नपत्रिका मात्र सध्या बंद. आठवड्याला एकच गणित. फ्रिजवर लावा, येता-जाता दिसेल. वही जाड घ्या आणि चुकलेलं खोडू देऊ नका. उत्तर चार दिवसांआधी दाखवायचं नाही, आणि दाखवलंच तर पहिली ओळ दाखवून पुन्हा झाका. क्लासचं म्हणाल तर, जिथे पहिल्याच दिवशी सूत्रांची यादी देतात तिथे मी तरी पोराला पाठवणार नाही.

मी स्वतः शाळेत असताना आरएमओला बसले होते. तीन तासांत जेमतेम दीड प्रश्न झाला. घरी येऊन तुमच्या लेकीसारखीच रडले, निवड अर्थातच झाली नाही. पण तो अर्धा राहिलेला प्रश्न पुढे दिवाळीच्या सुट्टीत फराळाच्या ताटावर सुटला, आणि मी चकली हातात घेऊन अण्णांना शोधत घरभर पळाले होते.

चिठ्ठ्या फेकू नका. शून्य येत नाही हे पटलं की तिला विचारा: १ ते १० मधून शेवटी ९ उरवता येईल का? उत्तर मी इथे लिहीत नाही. चार दिवसांनी तिचं काय झालं ते कळवा.