फौजीच्या घरच्यांसाठी ग्रुप असतो का?

प्रश्न: ताई, मी पेडण्याची. नवरा आर्मीत जवान, आता फिल्ड पोस्टिंगला गेलाय म्हणून मी आणि मुलगा गावी सासूबाईंकडे. दोन-दोन दिवस फोन लागत नाही, टीव्हीवर बॉर्डरची बातमी आली की हातपाय गळतात पण सासूबाईंसमोर रडताही येत नाही. क्वार्टरमध्ये शेजारणी तरी होत्या, इथे वाड्यावर फौजेतलं कोणीच नाही. आमच्यासारख्यांचा ग्रुप असतो का?

उत्तर: अगं, आधी सासूबाईंशी बोल. त्यांचा तर मुलगाच तिकडे आहे, तू घाबरशील म्हणून त्यापण गप्प राहत असतील, म्हणजे एकाच घरात दोघी वेगवेगळ्या रडताय.

ग्रुप आहेत. क्वार्टरमध्ये वेल्फेअर मीटला जायचीस ना, ते आवाचं काम, आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, १९६६ पासून आहे आणि गावी आलीस म्हणून तू त्यातून बाहेर पडलेली नाहीस. नवऱ्याचा फोन लागेल तेव्हा युनिटची मागे राहिलेली जी माणसं असतात त्यांच्यातल्या एकाचा नंबर मागून घे, टीव्हीपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेव. दाबोळीला हंसा तळावर नेव्हीच्या फॅमिलींची वेगळी असोसिएशन आहे पण पेडण्याहून ते लांबच पडतं.

तुझ्या जवळचं म्हणजे पणजीचं सैनिक कल्याण खातं. लोकांना वाटतं ते फक्त रिटायर झालेल्यांचं, पण जवान ड्युटीवर असताना मागे घरच्यांचं बघणं हे पण या खात्याचं, म्हणजे सैनिक बोर्डांचंच काम, आणि जमिनीचं भांडण, मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) केस असलं काही असेल तर २०२५ पासून वीर परिवार सहाय्यता योजनेत फुकट कायदेशीर मदत मिळते. तिथे जाऊन सांग की पेडणे, डिचोली, बार्देशातल्या फौजींच्या घरच्यांना भेटायचंय. दुसऱ्यांचे नंबर ते देणार नाहीत, बरोबरच आहे ते, पण तुझा नंबर ठेवा आणि कोणी विचारलं तर द्या असं सांगून ये. तीन-चार जणी जमल्या तरी खूप झालं गं, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसायचं, मुलं खेळतील. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नवरा कुठे आहे, कधी हलणार ते लिहायचं नाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही.

आणि झोप उडाली, जेवण जाईना झालं तर वाट बघू नकोस, टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्यांचा वेगळा सेल डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात आहे. सासूबाईंनाही तो नंबर देऊन ठेव.