गोचिडी दाट जंगलातच असतात ना? मग आमच्या काजूच्या बागेत कुठून आल्या?

दाट जंगलात तुम्ही जाताच कशाला? गोचीड माणसाला गाठते ती कडेला, जिथे रान आणि बाग एकमेकांत घुसलेली असतात. मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला, हे घरात भोगलंय.

२०१७ चा मार्च. आमच्या बागेत वरच्या अंगाला माकड मरून पडलं होतं. काकांनी काठीने ढकलत ते ओहोळात टाकलं आणि तिथेच पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, बाजूला सारत बिया वेचत बसले. रात्री काखेत तिळाएवढा काळा ठिपका दिसला. चामखीळ असेल म्हणून नखाने खरवडला, तर त्याचे पाय हलले! आठवडाभरात सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं. रिपोर्ट आला, माकडताप, गोचीड चावून होणारा.

काका वाचले. घरी आल्यावर पहिलं वाक्य काय? "वांदरां मारल्याशिवाय हो ताप जाऊचो नाय."

तेव्हापासून आमचं वाजलंय. अहो काका, ते माकडच मेलं त्याच तापाने! १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा रोग सापडला तोसुद्धा माकडं मरायला लागली म्हणून. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. काका नेमके त्यात मांडी घालून बसले.

या गोचिडीला जन्मात तीन जेवणं लागतात. पिल्लू असताना उंदीर, खार, चिचुंद्री. मधल्या वयात माकड, नाहीतर वाटेत आलेला माणूस. मोठी झाली की गाईगुरं, गवे. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते आणि सावलीतल्या दमट पातेऱ्यात ढिगाने अंडी घालते. पाऊस सरला की पिल्लं, आणि डिसेंबर ते मे या काळात मधल्या वयाच्या, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. आता सांगा, गुरं रानात मोकाट कोण सोडतं? काका. रानाच्या पोटात काजू कोणी लावली? आजोबांनी. माकडांनी नव्हे.

तर तुमच्या बागेत त्या गुरांच्या आणि उंदरांच्या अंगावरून आल्या, आणि पातेऱ्यामुळे टिकल्या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं ते लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा-जांघा बघा. मेलेल्या माकडाला हात लावू नका, केंद्रात कळवा. ते भोवती पन्नास फुटांपर्यंत गोचिडी मारायची पावडर मारतात.

हां, प्रत्येक गोचिडीत रोग नसतो. तुम्ही सिंधुदुर्ग, गोव्यातली सत्तरी, कर्नाटकातला घाट किंवा केरळातलं वायनाड, इकडचे नसाल तर माकडतापाचं बहुधा तुम्हाला लागू नाही. कुत्र्याची गोचीडही वेगळी, ती घरात भिंतीच्या फटीतसुद्धा राहते.

आणि बागेतला पातेरा गोठ्यात अंथरू नका. काका अजून अंथरतात. परवा बोललो तर म्हणाले, "तू मुंबैक जा."