बेरीज केव्हा आणि वजाबाकी केव्हा?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिला संभाव्यता शिकवताना माझाच गोंधळ होतो, कारण परस्पर अपवर्जी घटना आणि पूरक घटना यांच्या व्याख्या मला सारख्याच वाटतात. ‘एक पत्ता काढला असता तो बदामचा किंवा राजा असण्याची संभाव्यता’ आम्ही दोघींनी १७/५२ काढली. पुस्तकात मात्र उत्तर ४/१३ आहे. शिवाय लुडो खेळताना ती म्हणते की, सहा पडण्याची संभाव्यता १/६ असेल, तर सहा वेळा फासा टाकल्यावर एकदा तरी सहा पडलाच पाहिजे. तिला काय सांगावे?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचे तिन्ही प्रश्न एकाच मुळाशी जातात, म्हणून पत्त्यांचा खराच जोड घेऊन बसा. ५२ पत्त्यांतून चार राजे एका बाजूला काढा आणि चार राण्या दुसऱ्या बाजूला. एकच पत्ता उचलायचा असेल, तर तो राजाही आहे आणि राणीही आहे असे कधीच होणार नाही. एकाच वेळी घडू न शकणाऱ्या अशा घटनांना परस्पर अपवर्जी म्हणतात. परंतु हे आठ पत्ते बाजूला केल्यावरही तुमच्यापुढे ४४ पत्ते उरलेले आहेत, म्हणजे राजाही न येणे आणि राणीही न येणे सहज शक्य आहे, आणि म्हणूनच या घटना एकमेकींच्या पूरक नाहीत. ‘राजा येणे’ या घटनेची पूरक घटना ‘राजा न येणे’ हीच असून तिच्यात राजांखेरीज उरलेले सगळे ४८ पत्ते येतात. पूरक घटना परस्पर अपवर्जी असतातच, शिवाय दोघी मिळून संपूर्ण नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निष्पत्ती, व्यापतात. त्यामुळे त्यांच्या संभाव्यतांची बेरीज नेमकी १ होते.

आता बदामचे तेरा पत्ते वेगळे करा आणि त्यांत चार राजे मिळवायला जा. हातात तीनच राजे येतील, कारण बदामचा राजा त्या तेरांत आधीच बसलेला आहे. तुमच्या १७ मध्ये तो दोनदा मोजला गेला. प्रत्यक्ष पत्ते १६ आहेत आणि १६/५२ म्हणजेच ४/१३. दोन घटना एकत्र घडू शकत असतील, तर त्यांच्या संभाव्यतांच्या बेरजेतून दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता वजा करावीच लागते.

लुडोतही हीच चूक दडलेली आहे, आणि ती मुलीला तिच्याच हिशेबाने दाखवता येईल : सहा फेकींत संभाव्यता १ होत असेल, तर सात फेकींत ती ७/६ व्हायला हवी आणि संभाव्यता १ पेक्षा मोठी असूच शकत नाही. पहिल्या फेकीत सहा पडणे आणि दुसऱ्या फेकीत सहा पडणे या एकत्र घडू शकणाऱ्या घटना असल्यामुळे इथे नुसती बेरीज चालत नाही. अशा वेळी पूरक घटना फार उपयोगी पडते. ‘एकदा तरी सहा’ याची पूरक घटना ‘एकदाही सहा नाही’ ही आहे. (पुष्कळ विद्यार्थी इथे ‘प्रत्येक वेळी सहा’ असे लिहितात, म्हणून मुलीकडून ती आधी शब्दांत लिहून घ्या.) सहाही फेकींत सहा न पडण्याची संभाव्यता (५/६)⁶, म्हणजे सुमारे ०.३३५ येते; ती १ मधून वजा केली की ०.६६५ उरते. थोडक्यात, सोंगटी बाहेर काढण्यासाठी सहा वेळा फासा टाकूनही तीनांतून साधारण एका वेळी ती घरातच राहील.

या विषयाचा पायाच अशा प्रश्नांवर घातला गेला आहे. फ्रेंच गणितज्ञ पास्कालने २९ जुलै १६५४ रोजी दुसरा फ्रेंच गणितज्ञ फर्मा याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, एक फासा चार वेळा टाकून सहा पाडण्याची पैज घेणाऱ्याची बाजू ६७१ विरुद्ध ६२५ अशी वरचढ असते, पण दोन फाशांवर दोन्ही सहा पाडण्याची पैज २४ फेकींत घेणे तोट्याचे ठरते. द मेरे या सरदाराला हे पटत नव्हते, कारण ४ चे ६ शी जे प्रमाण तेच २४ चे ३६ शी आहे. तुमच्या मुलीसारखेच त्यालाही वाटत होते की फेकींच्या पटीत संभाव्यता वाढत जाते. पूरक घटनेने मात्र चार फेकींसाठी १ – ६२५/१२९६, म्हणजे ०.५१८ मिळतात, आणि चोवीस फेकींसाठी १ – (३५/३६)²⁴, म्हणजे सुमारे ०.४९१.

प्रश्न : परस्पर अपवर्जी घटनांना स्वतंत्र घटना म्हणता येईल का?
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : नाही. एक घटना घडल्याने दुसरीच्या संभाव्यतेत फरक पडत नसेल, तरच त्या स्वतंत्र. इथे मात्र काढलेला पत्ता राजा आहे असे कळताच तो राणी असण्याची संभाव्यता शून्य होते, म्हणजे एका घटनेचा दुसरीवर पूर्ण परिणाम होतो. उलट, वरच्या प्रश्नातील ‘बदाम’ आणि ‘राजा’ या एकत्र घडू शकणाऱ्या घटनाच स्वतंत्र आहेत : सगळ्या ५२ पत्त्यांत राजे ४, बदामच्या १३ पत्त्यांत राजा १, आणि दोन्हीकडे प्रमाण १/१३ च.