कुत्र्याला स्वप्नं पडतात का? जनावरांना भावना असतात का?

तुमचा कुत्रा झोपेत पाय झाडतो, बारीक आवाजात भुंकतो. त्याला स्वप्न पडतं का आणि त्याला आपल्यासारखं सुखदुःख होतं का, असं तुम्ही विचारलंय. माझं दोन्हीला उत्तर ‘हो’ आहे, फक्त त्याचं सगळंच आपल्यासारखं नसतं.

आपली ठळक स्वप्नं बहुतेक रेम झोपेत पडतात. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात, मेंदू जागेपणीसारखा चालू असतो आणि अंग ढिलं पडलेलं असतं. ही झोप कुत्रा, मांजर, गाय, घोडा सगळ्यांना असते. फ्रान्समध्ये झोपेचे संशोधक मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला अंग ढिलं ठेवणारा भाग निकामी करून पाहिला. ती मांजरं झोपेतच उठून नसलेल्या शिकारीवर झडप घालायची. (प्रयोग क्रूर होता, हे म्हटल्याशिवाय पुढं जाववत नाही.) २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात संशोधकांनी उंदीर ठरावीक वाटेवर धावत असताना त्यांच्या मेंदूतल्या पेशी कोणत्या क्रमानं चेततात याची नोंद घेतली. रेम झोपेत तोच क्रम पुन्हा दिसला. म्हणजे उंदीर झोपेत दिवसाची वाट पुन्हा चालत होता. मग तुमचा कुत्रा झोपेत धावतो, तेव्हा दुसरं काय करत असेल?

त्याला हलवून उठवू नका, दचकून चावू शकतो. लांबून नाव घ्या. पण अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला, जागेवर लघवी झाली, हाक मारून उठला नाही, तर ते स्वप्न नव्हे, फिट असू शकते. डॉक्टरांकडं न्या.

आता भावना. भीती, राग, लळा, खेळण्यातला आनंद ज्या जुन्या भागांतून उठतो, ते मेंदूचे भाग आपल्यात आणि त्यांच्यात सारखेच आहेत. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडं बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आईला बाळाबद्दल जो ओढा वाटतो, त्यात याच संप्रेरकाचा हात असतो.

पण एक गोष्ट मला फार खुपते. चप्पल फाडलेला कुत्रा मान खाली घालून बघतो, आणि लोक म्हणतात, “बघा, त्याला कळलंय,” नि मारतात. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. काहीच न केलेला कुत्राही मालक रागावला की तसाच बघत होता. ती आपल्या आवाजाची भीती असते. तासाभरानं मार दिला तर तो कशासाठी, हे त्याला समजतच नाही.

आमच्याकडं, नांदेड जिल्ह्यातल्या कंधार भागात, हा प्रश्न कुणी बैलाबद्दल विचारत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून, म्हणजे बैलाचे खांदे चोळून, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्याला तोंडानं सांगायची रीत आहे. लाल कंधारी जातीच्या बैलांची जोडी वर्षानुवर्षं एका जुवाखाली चालते. त्यातला एक बाजारात गेला की दुसरा हंबरतो, वाटेकडं बघत उभा राहतो, कडबा हुंगून सोडून देतो. शेतातल्या आखाड्यावर, गुरांजवळ राहिलेल्या माणसानं हे बघितलेलं असतं. ओळखीच्या सोबत्यापासून तोडलं की गुरांच्या हृदयाचे ठोके आणि ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं, हे मोजूनही झालंय. दुष्काळात विकावंच लागतं, मी कुणाला दोष देत नाही. पण राहिलेल्याला एकटं बांधू नका. दावणीतल्या ओळखीच्या गाईशेजारी बांधा, वैरण नेहमीच्याच माणसानं टाकावी. आणि चारा सोडला म्हणजे दुःखच, असंही धरून बसू नका. ताप किंवा पोटफुगी नाही ना, हे त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या.